अंगण खरेच वाकडे असेल तर?

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण वर्गात शिकवली की मुले हसतात, आणि तिचा अर्थ त्यांना वेगळा सांगावा लागत नाही. परीक्षेत पेनाला दोष देणारा मुलगा, ढोलकीला दोष देणारा वाजवणारा, तव्याला दोष देणारी सून, सगळ्यांची या एका ओळीत बोळवण होते. परंतु अमेरिकेत गेली सव्वाशे वर्षे काही माणसे ‘अंगण खरेच वाकडे आहे’ असे ठासून म्हणत आली आहेत, आणि त्यांतली दोन-चार तरी खरी ठरली आहेत. ही माणसे गोल्फ खेळणारी, आणि त्यांचे अंगण म्हणजे पटर नावाची काठी. या काठीवरून आज तेथे जो बाजार आणि जो वाद उभा राहिला आहे, त्याकडे आपण थोडे लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते.

गोल्फ हा खेळ आपल्या बेटावर आता नवा राहिलेला नाही. वाक्वाचा जिमखाना इंग्रजांच्या अमदानीतला. आणि बेल-ओंब्रकडे, जेथे आपल्या आज्यापणज्यांनी ऊस तोडला, तेथे आज मैलभर हिरवळ पसरली आहे. तरीही आपल्यापैकी पुष्कळांनी हा खेळ कुंपणाच्या बाहेरूनच पाहिला असेल. म्हणून एवढेच सांगतो: चेंडू लांब मारण्यासाठी वेगळ्या काठ्या आणि शेवटी, बारीक कापलेल्या हिरवळीवर आल्यावर, चेंडू हलकेच ढकलून खळग्यात घालण्यासाठी वेगळी काठी, ती पटर. आपल्या गोट्यांच्या खेळात जशी गल असते तसा हा खळगा, रुंदी सव्वाचार इंच; चेंडू त्याच्या निम्म्याहूनही लहान. खेळाडूला चौदा काठ्या जवळ ठेवता येतात. बाकीच्या काठ्या तो वर्षा-दोन वर्षांनी बदलतो आणि त्यांचे त्याला दुःख होत नाही. पटरचे तसे नाही. त्याला तो नाव ठेवतो, घरी उशाशी घेऊन निजतो, आणि चेंडू चुकला की त्याच्याशीच भांडतो.

आता ताजी हकीकत. १५ जून २०२५ रोजी पेन्सिल्व्हेनियातील ओकमाँट येथे अमेरिकेची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा पावसात संपली. जे. जे. स्पॉन नावाचा, तोपर्यंत फारसा कोणाच्या तोंडी नसलेला खेळाडू पहिल्या सहा खळग्यांत पाच वेळा चुकला होता. तोच शेवटच्या हिरवळीवर आला तेव्हा पुढे होता, आणि चौसष्ट फुटांवरून त्याने चेंडू खळग्यात घातला. खरे सांगायचे तर त्याला तेथे दोन टोले परवडत होते. जिंकणे त्या एका टोल्यावर अवलंबून नव्हते. पण लोकांच्या डोळ्यांत राहिला तो तोच टोला, आणि त्याच्या हातातली ती बेढब, रुंद काठी. ती ऑरेगॉन राज्यातल्या लॅब गोल्फ नावाच्या एका लहान कंपनीने केलेली होती. महिनाभरात, जुलैमध्ये, एल कॅटरटन या मोठ्या गुंतवणूक संस्थेने ती कंपनी विकत घेतल्याचे जाहीर झाले. तोपर्यंत टेलरमेड, ओडिसी वगैरे बड्या कंपन्यांनीही त्याच धर्तीचे पटर दुकानांत आणले होते. स्पॉनच्या हातात होता तो नमुना २०२४ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याची किंमत साडेचारशे डॉलरांच्या आसपास सुरू होत होती. एका काठीला! आणि घेणारे सगळे लक्षाधीश नव्हेत. शनिवारी सकाळी सार्वजनिक मैदानावर जाणारे शिक्षक, टपालवाले, गिरणीतले फोरमन हेही त्यांत आहेत.

या लोकांना नेमके काय विकले जात आहे, हा आमचा प्रश्न आहे. त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी या गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत आर्थर नाइट नावाचे गृहस्थ नोकरीस होते. १९०२ च्या सुमारास त्यांनी ॲल्युमिनियमचे डोके असलेला आणि दांडी टोकाला न बसवता जवळजवळ मध्यावर बसवलेला पटर तयार केला. १९०४ साली वॉल्टर ट्रॅव्हिस हा पस्तिशीच्या सुमारास खेळायला शिकलेला अमेरिकन तो पटर घेऊन इंग्लंडातील सँडविच येथे गेला आणि ब्रिटिशांची हौशी अजिंक्यपद स्पर्धा जिंकून आला. परदेशी माणसाने ती स्पर्धा जिंकण्याची ही पहिलीच वेळ. साहेबाला ते किती झोंबले असेल याची कल्पना आपणांस, साहेबाच्या राज्यात वाढलेल्या घरांना, करता येईल. १९१० मध्ये स्कॉटलंडमधील रॉयल अँड एन्शंट या नियामक संस्थेने मध्यावर दांडी असलेल्या त्या हातोडीवजा काठ्यांना बंदी घातली. अमेरिकेने ती बंदी मानली नाही. तेव्हापासून चाळीस वर्षे एकाच खेळाची एकच काठी अटलांटिकच्या एका काठावर धर्म्य आणि दुसऱ्या काठावर अधर्म्य राहिली. १९५२ च्या एकत्रित नियमावलीने तो तंटा मिटला. म्हणजे अंगण सरळ की वाकडे हे गजाने मोजून ठरत नाही. मोजणारा कोण यावरही पुष्कळ काही असते.

योगायोग असा की त्याच जनरल इलेक्ट्रिकमध्ये पन्नास वर्षांनी दुसरा एक मनुष्य असाच बसला होता. कार्स्टन सोल्हाइम हे त्याचे नाव. जन्म १९११, नॉर्वेतील बर्गनचा. आईबापांबरोबर लहानपणीच सिएटलला आला. बाप चांभारकाम करी, तेच मुलगा शिकला. विश्वविद्यालयात अभियांत्रिकी शिकायला गेला, पण मंदीच्या दिवसांत पैसे संपले आणि शिक्षण अर्धवट सुटले. पुढे विमानांच्या कारखान्यांत आणि मग जनरल इलेक्ट्रिकमध्ये तो अभियंता म्हणून वर चढला, तो कामातून शिकून. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गोल्फ खेळू लागला आणि इतरांप्रमाणेच पटर हातात आल्यावर चुकू लागला. इतरांनी स्वतःला दोष दिला. याने काठी तपासली.

त्याच्या ध्यानात आले ते असे. त्या वेळचे पटर म्हणजे एक पातळ पाते. चेंडू पात्याच्या बरोबर मध्यावर लागला तर ठीक. अर्धा इंच इकडे-तिकडे लागला की पाते हातात वळते आणि चेंडू दिशा सोडतो. मग वजन मध्यावर न ठेवता दोन्ही टोकांना ठेवले तर? आपल्याकडे खांद्यावर कावड घेणाऱ्या माणसाला विचारावे. रिकामा बांबू खांद्यावर गर्रकन फिरतो. दोन टोकांना दोन भरलेल्या घागरी बांधल्या की तोच बांबू वळवायला जोर लागतो. सोल्हाइमच्या पटरचे सारे शास्त्र या कावडीत आहे. टोकांना भार असलेला पटर मध्य चुकला तरी फारसा वळत नाही. त्यात खेळाडूचे कौशल्य वाढत नाही, त्याच्या चुकीची शिक्षा कमी होते. हा भेद आम्ही मुद्दाम मांडतो, कारण पुढच्या सगळ्या जाहिरातींत तो पुसला गेला आहे.

१९५९ साली कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटी येथे आपल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने पहिला पटर केला. चेंडूला लागला की तो ‘पिंग’ असा वाजे. तेच नाव पडले. नोकरीतल्या बदलीने तो अ‍ॅरिझोनात फीनिक्सला गेला, आणि १९६६ च्या जानेवारीत हाताशी दुसरा कागद नव्हता म्हणून ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकडीच्या वेष्टनावर त्याने एका नव्या पटरचे चित्र काढले. नाव काय ठेवावे? पत्नी लुईझ म्हणाली, ‘आन्सर’ म्हणजे उत्तर. इंग्रजी स्पेलिंग पटरवर मावेना, तर तिने त्यातले डब्ल्यू हे अक्षर काढून टाकायला सांगितले. (शुद्धलेखनाचे आम्ही कट्टर असलो तरी हा गुन्हा आम्ही माफ केला आहे.) १९६७ मध्ये पेटंट मिळाले, त्याच वर्षी त्याने नोकरी सोडली. १९६९ मध्ये जॉर्ज आर्चरने याच पटरने मास्टर्स स्पर्धा जिंकली. पेटंटची मुदत संपल्यावर त्या आकाराच्या नकला जगभर निघाल्या. टायगर वुड्सच्या पंधरा मोठ्या विजयांपैकी चौदा ज्या स्कॉटी कॅमेरॉन पटरने मिळाले, तोही मुळात याच तबकडीच्या वेष्टनावरच्या चित्राच्या वंशातला आहे.

येथवर अंगण वाकडे म्हणणाऱ्याची बाजू खरी ठरली. पण लोकांचे पटरवरचे प्रेम नुसत्या भाराच्या हिशेबाने उलगडत नाही. बॉबी जोन्सचा ‘कॅलॅमिटी जेन’ घ्या. १९२३ मध्ये त्याला तो कोणी दिला तेव्हाच जुना होता. दांडीला तडे गेलेले आणि वर दोरा गुंडाळलेला. त्याच वर्षी त्याने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. पुढे गंज घासून घासून त्याचे पाते झिजले, तेव्हा त्याने हुबेहूब दुसरा करवून घेतला आणि त्या प्रतिरूपाने १९३० साली एका वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. बेन क्रेनशॉचा ‘लिटल बेन’ हा साधा विल्सन कंपनीचा पटर. टेक्सासमध्ये त्याच्या शिक्षकाच्या, हार्वी पेनिक यांच्या दुकानातून वडिलांनी वीस डॉलरांना घेऊन दिलेला. त्याच पटरने त्याने १९८४ मध्ये मास्टर्स जिंकली. १९९५ मध्येही तो ती स्पर्धा जिंकला, आणि त्या दुसऱ्या खेपेस तर पेनिक गुरुजी आठवड्यापूर्वीच वारले होते, त्यांच्या अंत्यविधीहून परतून तो खेळला. अशा काठीचे वजन किती आणि भार कोठे, हे कोण विचारील? आमच्या झाकरीच्या मंडळींतही हेच पाहावयास मिळते. चांगली नवी ढोलकी फळीवर असते आणि वाजवणारा आपली जुनीच, शाई उडालेली, मांडीवर घेतो. तिचा आवाज त्याच्या बोटांना ठाऊक असतो. पटरच्या बाबतीतही आवाज, हाताला लागणारा धक्का, खाली पाहिल्यावर दिसणारी रेघ आणि एखादी जुनी आठवण, या चार गोष्टींवर माणूस पाघळतो.

व्यापाऱ्याने हे फार पूर्वीच हेरले आहे. १९८६ मध्ये शेहेचाळीस वर्षांच्या जॅक निक्लॉसने एक मोठ्या डोक्याचा, थट्टेचा विषय झालेला मॅक्ग्रेगर पटर घेऊन मास्टर्स जिंकली आणि कंपनीकडे हजारोंनी मागण्या आल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये तर टायगर वुड्सचा एक राखीव पटर लिलावात ३,९३,३०० डॉलरांना गेला. लक्षात घ्या, ज्याने त्याने स्पर्धा जिंकल्या तो नव्हे. त्याच्या जोडीचा, सरावासाठी ठेवलेला. आपल्याकडे संतांच्या पादुकांना लोक नमस्कार करतात त्यावर पाश्चात्त्य पाहुणे हसतात, त्यांना हा आकडा सांगावा.

मग या नव्या पटरांत नवे काय? जुना पटर दांडीने बोटावर आडवा तोलला तर त्याचे टोक खाली झुकते किंवा तोंड आकाशाकडे वळते. म्हणजे मनगटाने त्याला सतत आवरावे लागते. नव्या पटरात दांडीची रेषा डोक्याच्या भारकेंद्राशी अशी जुळवलेली असते की तो आपणहून कोणत्याच बाजूला वळू पाहत नाही. कल्पना खोटी नाही. ज्यांचे हात ऐन वेळी दगा देतात त्यांना तिचा आधार वाटतो. इंग्रजीत या व्याधीला ‘यिप्स’ म्हणतात. दोन फुटांवरून मनगट झटका देते आणि चेंडू भलतीकडे जातो. मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी तिचा अभ्यास केला. काहींच्या बाबतीत ती स्नायूंची, काहींच्या बाबतीत मनाच्या धास्तीची, असे त्यांना दिसले. लूकस ग्लोव्हर हा २००९ चा राष्ट्रीय विजेता या व्याधीने वर्षानुवर्षे पिडलेला होता. २०२३ मध्ये त्याने याच लॅब कंपनीचा लांब दांडीचा पटर घेतला आणि ऑगस्टमध्ये लागोपाठ दोन आठवड्यांत दोन स्पर्धा जिंकल्या.

लांब दांडीचे नाव निघाले म्हणून आणखी एक माणूस आठवतो. चार्ली ओवेन्स हा कृष्णवर्णीय खेळाडू सैन्यात हवाई छत्रीने उडी घेताना जखमी झाला होता. एक गुडघा कायमचा ताठ. वाकून पटर मारणे त्याला जड जाई. १९८० नंतरच्या दशकात त्याने पन्नास इंचांहून लांब पटर करून घेतला, सरळ उभा राहिला, आणि १९८६ मध्ये ज्येष्ठांच्या दोन स्पर्धा जिंकला. लोक हसले, मग त्यांनीही तोच धरला. पुढे हाच पटर छातीला किंवा पोटाला टेकवून मारण्याची रीत पडली. २०११ ते २०१३ या काळात सहापैकी चार मोठ्या स्पर्धा असे पटर टेकवणाऱ्यांनी जिंकल्या, तेव्हा नियामक जागे झाले आणि १ जानेवारी २०१६ पासून शरीराला टेकवून मारण्यास बंदी आली. लांब काठी राहिली, टेकवणे गेले. एका लंगड्या माणसाची सोय पंचवीस वर्षे चालू दिली. धडधाकट माणसे तिने मोठ्या स्पर्धा जिंकू लागली तेव्हा ती खेळाच्या आत्म्याविरुद्ध ठरली. आमच्या मते बंदीचे कारण चुकीचे नसेल, तिची वेळ मात्र चुकीची होती. तोवर कित्येकांची कारकीर्द आणि कित्येक वृद्ध हौशी खेळाडूंचा शनिवार तिच्यावर उभा राहिला होता.

यात आपल्या जवळचा एक माणूस सापडला. विजय सिंग, फिजी बेटावरील लौटोकाचा, १९६३ चा जन्म, विमानतळावर काम करणाऱ्या बापाचा मुलगा. त्याचेही पूर्वज आपल्यासारखेच उसासाठी बेटावर नेलेल्या भारतीयांतले. या गृहस्थाने पटर बदलावेत तरी किती! कधी आखूड, कधी पोटाला टेकणारा, कधी छातीपर्यंतचा. २००४ साली त्याने नऊ स्पर्धा जिंकल्या आणि वुड्सला मागे सारून जगात पहिला झाला. पण ते ज्या जोरावर, तो पटर नव्हता. सराव मैदानावर सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या नंतर जाणारा खेळाडू अशी त्याची ख्याती होती. आज अमेरिकेत जन्मलेला अक्षय भाटिया हा तरुण झाडूच्या दांड्यासारखा लांब पटर घेऊन, न टेकवता, तेथे स्पर्धा जिंकतो आहे. २०२४ ची टेक्सास ओपन त्याने जिंकली.

कोलंबिया विश्वविद्यालयातील प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी व्यावसायिकांच्या लक्षावधी टोल्यांचा हिशेब मांडला आहे. जगातले उत्तमोत्तम खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्म्याच वेळा चेंडू खळग्यात घालतात. आणि अव्वल खेळाडू इतरांच्या पुढे असतात त्या आघाडीपैकी सुमारे पंधरा टक्केच पटरमुळे आलेली असते. बाकीची लांबच्या आणि मधल्या टोल्यांत मिळते. म्हणजे ज्या काठीवर माणूस सर्वांत जास्त जीव लावतो, तिचा वाटा त्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ लहान आहे.

स्कॉटी शेफलरचे उदाहरण जाहिरातदार नेहमी देतात. २०२३ मध्ये तो पटरच्या कामगिरीत १६२ वा होता. मार्च २०२४ मध्ये त्याने पाते टाकून रुंद डोक्याचा टेलरमेड पटर घेतला, त्याच आठवड्यात जिंकला, पुढच्यात जिंकला, एप्रिलमध्ये मास्टर्स जिंकला. हे सारे खरे. पण त्याआधी सहा महिने त्याने पटर शिकवणारा एक स्वतंत्र शिक्षक, फिल केनियन, नेमला होता, ही गोष्ट जाहिरातीत येत नाही. शिक्षकाची किंमत दुकानात लावता येत नाही, म्हणून असेल. आम्ही या धंद्यातले असल्यामुळे आम्हांला ते बोचते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

तरीही, केवळ शिक्षक आणि सराव यांचाच जयजयकार करून आम्हांला थांबता येत नाही. अध्यापन विद्यालयात असताना आम्हांला डावखुऱ्या मुलांविषयी एक तास होता. तोपर्यंत आम्ही स्वतः डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला ‘नीट लिही’ म्हणून रागवत होतो. उजव्यांसाठी केलेल्या बाकावर, उजव्यांसाठी केलेल्या कात्रीने तो जे करू शकत नव्हता, ते त्याचे आळशीपण आहे असे आम्ही धरून चाललो होतो. सोल्हाइम आमच्या वर्गात असता तर त्यालाही आम्ही तीच म्हण ऐकवली असती.

नव्या पटरांविषयी नियामकांनी काय करावे? आमचे मत असे की करायचे ते लवकर करावे. पटरचे डोके किती रुंद, तोंड किती अंशांनी झुकलेले, याचे नियम त्यांच्याकडे आहेतच. या मर्यादेत हे पटर बसत असतील, तर उद्या चार-पाच मोठ्या स्पर्धा यांनी जिंकल्या म्हणून मागाहून डोळे वटारू नयेत. आणि घेणाऱ्याने एवढे पाहावे की दुकानात दोन पटर घ्यावेत, सहा फुटांवरून प्रत्येकाने पन्नास वेळा मारावे, आणि मोजावे. मोजल्यावर पुष्कळांच्या हाती जुनाच पटर राहील. काहींच्या हाती नवा राहील, आणि ते त्यांचे लाड नव्हेत.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आपल्या दक्षिणेकडच्या एका गोल्फ मैदानावर वीसेक वर्षे हिरवळ राखून निवृत्त झाले. कोणा पाहुण्याने मागे टाकलेला पितळी पटर त्यांच्याकडे आहे. वेष्टनाच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. परदेशी असलेल्या मुलाने गेल्या वर्षी त्यांना रुंद डोक्याचा नवा पटर आणून दिला. त्यांनी दोन्ही घेऊन अंगणात आठ दिवस मारून पाहिले, शेणाने सारवलेल्या जागेत नारळाच्या करवंटीवर नेम धरून. नवा सरस ठरला, असे त्यांनी आम्हांला प्रामाणिकपणे सांगितले. तो कपाटात आहे. खेळायला ते पितळीच नेतात.